कचेरीच्या वाटेवरील शर्यत

स्पर्धा ही वस्तु आमच्या स्वभावांत नाहीं, असा आमचा पुष्कळ वर्षें समज होता, आणि तो बाळगण्यास आम्हांस सबळ कारणेंही होतीं. शाळेंत आमचा नंबर नेहमीं मधला असे व त्याचें आम्हांस कधीं वाईट वाटलें नाहीं. बुद्धिबळांत हरलों तर आम्ही प्रतिपक्ष्यास चहा पाजीत असूं. कचेरींत आमच्या मागून लागलेले एक गृहस्थ बढती मिळून आमच्या पुढच्या खुर्चीवर जाऊन बसले, त्या दिवशीं त्यांनीं वाटलेले पेढे आम्हीं दोन खाल्ले. असा मनुष्य स्वतःस निर्मत्सर समजूं लागला तर त्यांत नवल तें काय? पण वाचकहो, मनुष्याची परीक्षा पेढ्यांवर होत नाहीं. सकाळीं आठाच्या सुमारास आपण सायकलीवर बसून कामावर निघालेले असावें आणि मागून येणाऱ्या अनोळखी इसमाची घंटी कानीं पडावी, तेव्हां ती होते.

ही गोष्ट १९८४ सालची. पुणें हें सायकलींचें शहर ही ख्याति त्या वेळीं अजून पुरती ओसरली नव्हती. स्कूटरी वाढूं लागल्या होत्या खऱ्या, परंतु सकाळच्या प्रहरीं कारखान्यांच्या दिशेनें निघालेला सायकलींचा लोंढा पाहिला म्हणजे नदीस पूर आल्याचा भास होई. आमचें बिऱ्हाड सदाशिव पेठेंत व कचेरी खडकीस. अंतर सात किलोमीटरांच्या आसपास. शनिवारवाड्यावरून नवा पूल ओलांडावयाचा (तेव्हां त्याची साठी उलटली होती, तरी हा पूल पुणेकरांच्या तोंडीं नवाच राहिला होता), इंजिनियरिंग कॉलेजावरून वाकडेवाडीस यावयाचें, आणि तेथून सरळ मुंबईचा रस्ता धरावयाचा. आमची सायकल काळी, दणकट, वीस किलोच्या घरांतली; हँडलास डबा, पँटीस क्लिपा, आणि कॅरिअरला छत्री. अशा वाहनावरून कोणी शर्यत खेळेल ही कल्पना तें बनविणाऱ्यासही सुचली नसेल.

या शर्यतीस पंच नाहीं, निशाण नाहीं, बक्षीस नाहीं. आणि मुख्य म्हणजे ती चालू आहे हें कोणीं कबूल करावयाचें नाहीं. हा तिचा पहिला नियम, व बाकीचे सर्व नियम त्याच्याच पोटीं जन्मलेले. ज्याला मागें टाकावयाचें त्याच्याकडे बघावयाचें नसतें. त्याच्या बाजूनें जातांना मुद्रा अशी असावी कीं आपण घरभाड्याचा विचार करीत आहों. श्वास नाकानें घ्यावा. धाप पुढच्या वळणापर्यंत राखून ठेवावी. ओलांडून गेल्यावर लागलीच पाय थांबवून फ्रीव्हीलची टकटक त्यास ऐकविणें हें असभ्यपणाचें लक्षण होय, आणि तें आम्हीं अनेकदां केलें आहे. दूधवाल्यास मागें टाकण्यांत कांहीं मान नाहीं, कारण त्याच्या दोन्ही अंगांस भरलेले कॅन लोंबत असतात. पण दूधवाल्यानें आपणांस मागें टाकलें तर ती गोष्ट दोन दिवस मनांतून जात नाहीं. शाळकरी पोरांशीं सामना करूं नये. तीं उघड उघड ओरडून शर्यत लावतात, आणि त्यामुळें या खेळाची अब्रूच जाते.

हरलेल्याच्या सबबीही ठरलेल्या आहेत. चाकांत हवा कमी होती. आज समोरून वारा होता. चेनला तेल घालावयाचें राहिलें. आणि सर्वांत खानदानी सबब म्हणजे, आम्हांस घाईच नव्हती. ही शेवटची सबब आमच्या बाबतींत अक्षरशः खरी होती, आणि तीच पुढें आमच्या अंगावर आली.

घाई करून मिळतें काय, याचा हिशेब आम्हीं एकदां रोजकीर्दीच्या कोऱ्या पानावर मांडून पाहिला होता. आमच्या सायकलीचें पायडल एकदां पुरतें फिरलें कीं चाक सुमारें साडेपांच मीटर जमीन तोडी. म्हणजे मिनिटास साठ फेरे मारले तर तासास वीस किलोमीटरांचा वेग पडे. सोळांच्या वेगानें सात किलोमीटरांस सव्वीस मिनिटें लागतात. विसांच्या वेगानें एकवीस. लाभ पांच मिनिटांचा. आतां खर्चाची बाजू पाहूं. वेग दुप्पट केला कीं वाऱ्याचा विरोध चौपट होतो, व तो कापीत जाण्यास लागणारी शक्ति आठपट. या मानानें सोळांचे वीस करतांना केवळ वाऱ्यापायींच जवळजवळ दुप्पट जोर खर्चीं पडतो. आणि मिळविलेलीं तीं पांच मिनिटें कचेरीच्या नळाखालीं मान धरून घाम धुण्यांत जात. हा व्यवहार आंतबट्ट्याचा आहे हें जमाखर्चांत आयुष्य घालविणाऱ्या मनुष्यास कोणीं सांगावयास पाहिजे असें नाहीं. तो कागद आम्हीं घडी करून खिशांत ठेवला आणि दुसऱ्या दिवशीं एकवीस मिनिटांत कचेरी गांठली.

पुढें आमच्या वाचनांत आलें कीं या वेडाची शास्त्रीय दखल फार पूर्वींच घेतली गेली आहे. अमेरिकेंत इंडियाना विद्यापीठांतील नॉर्मन ट्रिप्लेट नांवाच्या सायकलशौकीन अभ्यासकानें १८९८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. सायकलींच्या शर्यतींचे आंकडे चाळतांना त्यास असें दिसलें कीं, एकट्यानें घड्याळाविरुद्ध धांवणारा स्वार आणि पुढें कोणी चाल देणारा असतां धांवणारा स्वार, यांच्यांत मैलामागें अर्ध्या मिनिटाहून अधिक अंतर पडतें. त्यांतील बराचसा भाग पुढच्याच्या आडोशास वारा कमी लागतो म्हणून, हें त्यासही ठाऊक होतें. पण सगळाच तसा कीं काय? म्हणून त्यानें मुलांच्या हातीं मासे धरण्याच्या गळाचीं रिळें दिलीं आणि तीं कधीं एकट्यानें, कधीं जोडीनें गुंडाळावयास लावलीं. तेथें तर वाऱ्याचा प्रश्नच नव्हता. ज्या चाळीस मुलांचे आंकडे त्यानें बारकाईनें तपासले, त्यांपैकीं वीस सोबत्यास पाहून अधिक चपळ झालीं, दहांवर फारसा परिणाम झाला नाहीं, आणि उरलेलीं दहा इतकीं उतावीळ झालीं कीं त्यांचें काम उलट बिघडलें. त्या शेवटच्या दहांविषयीं आम्हांस विशेष आपुलकी वाटते.

आमचा प्रतिस्पर्धी आम्हांस भेटला तो हिशेबतपासनिसांच्या कृपेनें. ते यावयाचे होते म्हणून जून महिन्यांत एके दिवशीं आम्ही नेहमींच्या नऊ वीसऐवजीं पाऊणे आठासच घर सोडलें. नव्या पुलावर एक मनुष्य आमच्या उजव्या अंगानें निघून गेला. खाकी पँट, पांढरा सदरा, कॅरिअरला फडक्यांत बांधलेली भाकरी. वय आमच्याएवढेंच, तिशीचें. गेला तोही असा, कीं जणूं आम्ही पुलाचा कठडा आहों. आम्हीं इंजिनियरिंग कॉलेजापर्यंत त्याला गांठलें. वाकडेवाडीस त्यानें आम्हांस पुन्हा मागें टाकलें. तपासनीस दोन दिवसांत गेले. आमची कचेरी दहाची. तरी तिसऱ्या दिवशीं आम्ही पाऊणे आठासच निघालों, चौथ्या दिवशींही. कचेरींत पोंचावें तों शिपाई अजून केर काढीत असे. घरांत ही गोष्ट लपण्यासारखी नव्हती. "अहो, हल्लीं कचेरीच्या किल्ल्या तुमच्याकडे दिल्या आहेत वाटतं?" असें एकदां विचारलें गेलें. आम्हीं काम फार आहे असें सांगितलें.

पावसाळा लागला तसा पश्चिमेचा वारा तोंडावर येऊं लागला. आतां तो मनुष्य कधीं कधीं आमच्या मागच्या चाकास चिकटून येई व खडकी जवळ आली कीं बाहेर पडून पुढें निघून जाई. फ्रान्सच्या मोठ्या शर्यतींत, जी १९०३ पासून चालू आहे, कसलेले स्वार हेंच करतात, हें आम्हीं वाचलें होतें. तेव्हां हा इसम पक्का धूर्त आहे, आमच्या छातीवर वारा झेलून आपलें बळ राखतो आहे, असें आमच्या मनानें घेतलें. त्यानें मान वळविली तर ती आम्हांस खिजविण्यासाठीं. न वळविली तर ती आम्हांस तुच्छ लेखून. आम्हीं चेन बदलली. तेल घातलें. छत्री घरीं ठेवून भिजत जाऊं लागलों.

ऑगस्टाच्या अखेरीस वाकडेवाडीच्या पुढें रस्ता एका बाजूनें खणला होता. खड्डा आणि उभे ट्रक यांच्यामधून एका वेळीं एकच सायकल जाईल एवढी वाट उरली होती. आम्ही दोघे त्या वाटेच्या तोंडाशीं बरोबरीनें आलों. एका हाताचें अंतर त्याचें पुढें होतें. वाट त्याची होती. हें आम्हांस त्या क्षणीं स्पष्ट दिसत होतें. नंतर सुचलेलें शहाणपण नव्हे. आम्हीं ब्रेक दाबला नाहीं, कोपर बाहेर काढलें आणि आंत घुसलों. हँडलाला हँडल लागलें. मागें लोखंड आपटल्याचा आवाज झाला. थोडें पुढें गेल्यावर आम्हीं मान वळवून पाहिलें: तो चिखलांत उकिडवा बसून चेन बघत होता. उभा राहतो, बसतो, हातपाय धड दिसतात, एवढें पाहून आमचें समाधान झालें. निसटलेली चेन चढविण्यास कितीसा वेळ लागतो? आम्ही पुढें गेलों. त्या दिवशीं आमच्या पुढें कोणी नव्हतें, आणि खडकीपर्यंतचा रस्ता इतका मोकळा, इतका गोड आम्हांस पुन्हा कधीं लागला नाहीं. हें लिहावयास बरें वाटत नाहीं, पण तसें झालें.

पुढें चारपांच दिवस तो दिसला नाहीं. मग एका संध्याकाळीं खडकी बाजारांतल्या हॉटेलांत आम्ही चहास बसलों असतां तोच समोर येऊन उभा राहिला. आम्हीं शब्दांची जमवाजमव करूं लागलों, तोंच तो म्हणाला, "साहेब, त्या दिवशी तुमाला लागलं न्हाई न्हवं? माझंच ध्यान न्हवतं, घाईत होतो."

"नाहीं, नाहीं," आम्ही म्हणालों, "कांहीं लागलं नाहीं."

तो आमच्या समोर बसला. हंसत हंसत त्यानें सर्व सांगितलें. चेन नुसती निसटली नव्हती, दांतेचक्र आणि नळी यांच्यामध्यें घट्ट अडकून बसली होती. सायकल ढकलीत तो दापोडीचा पूल ओलांडून कारखान्याच्या फाटकाशीं पोंचला तेव्हां साडेआठाचा भोंगा होऊन गेला होता. अर्ध्या दिवसाचा खाडा पडला. त्यापेक्षां वाईट म्हणजे महिनाभर एकही उशीर न झाल्यास हजेरीचें जें बक्षीस मिळे, तें पंचवीस रुपयांचें बक्षीस अखेरच्या आठवड्यांत गेलें. आतां उशिराची धास्ती नको म्हणून तो सातासच घर सोडीत होता. "पावसाळ्यात तुमच्या मागनं यायला लई बरं पडायचं," तो म्हणाला. "वारं लागत न्हाई. मला वाटायचं, ह्या साहेबांचाबी भोंगा आमच्यासारखाच कडक दिसतोय. कितीचा वो?"

"दहाचा," आम्हीं सांगितलें. दुसरें कांहीं सुचलें नाहीं.

तो क्षणभर आमच्याकडे बघत राहिला. "मग येवढ्या लौकर?"

"सवय आहे," आम्ही म्हणालों.

आम्हीं खिशांत हात घातला तोंवर चहाचे पैसे त्यानें देऊनही टाकले होते.

तीन महिने आम्ही ज्या शर्यतींत रोज हरत जिंकत होतों, तींत दुसरा कोणी नव्हताच. त्याच्या डोळ्यांसमोर केवळ तें फाटक होतें. ही गोष्ट एकट्याशीं उगाळतांना प्रथम अपमानच वाटला, हें कबूल केलें पाहिजे. लाज त्याच्या मागून, बऱ्याच उशिरानें आली. ते पंचवीस रुपये आणि अर्ध्या दिवसाची मजुरी आम्हीं त्यास कधीं दिली नाहीं. द्यावयाची तर कां देतों हें सांगावें लागलें असतें. आम्ही पुन्हा नऊ वीसला निघूं लागलों. घरांत एवढेंच विचारलें गेलें, "संपलं कां जास्तीचं काम?"

आतां आमचा भाचा सायकल चालवितो. त्याच्या दूरध्वनींत स्ट्राव्हा नांवाची, २००९ सालीं निघालेली सोय आहे. रस्त्याचे तुकडे पाडून कोणत्या तुकड्यावर कोण किती सेकंदांत गेला याची ती यादीच लावते. नव्या पुलावरून कोण कधीं किती वेगानें गेला, हें म्हणे सर्व जगास दिसतें. "मामा, तुमच्या वेळीं हें असतं तर?" असें तो विचारतो. तर निदान समोरच्यास कळलें तरी असतें, असें आमच्या मनांत येतें. पण आम्ही हंसून वेळ मारून नेतों.

कचेरी सुटून आम्हांस पुष्कळ वर्षें झालीं. गुडघे कुरकुर करतात, तरी सकाळीं सायकल काढण्याची सवय गेलेली नाहीं. आतां ती खरोखरच सवय आहे. परवां नव्या पुलावर मोटारींच्या गर्दींत एक मुलगी सायकलीवरून आमच्या उजव्या अंगानें आली. पाठीला पिशवी, गळ्यांत कोठल्याशा कामाच्या ठिकाणचें ओळखपत्र. आम्हीं घड्याळ पाहिलें. आठाला दहा मिनिटें कमी होतीं. आम्हीं डावीकडे सरकून तिला वाट दिली, आणि ती पुलाच्या टोकाशीं पोंचेपर्यंत पायडलावरचा पाय मोठ्या कष्टानें आवरून धरला.