गुलमोहराच्या बुंध्याशी

पुण्यात, कॅम्पातल्या आमच्या घराच्या अंगणात अब्बांनी लावलेला गुलमोहर आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी त्याच्या बुंध्याशी तांबूस, चकचकीत, अर्ध्या ताटलीसारखे काहीतरी फुटले. अम्मी मूळच्या रत्नागिरीकडच्या. पाहताच म्हणाल्या, "बेटा, हा तर फणसांबा! काढून वाळत टाका."

कोकणात फणसाच्या खोडावर लाकडासारखे टणक अळंबे येते, तो फणसांबा. लहान मुलांची लाळ फार गळू लागली की तो सहाणेवर उगाळून लावायचा, ही तिथली जुनी रीत. आम्ही कोयत्याने ताटली उडवली, खोडाला चुना फासला. घरात सहा महिन्यांचे बाळ होते. सहाणही बाहेर निघाली. तेवढ्यात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या मुलीने ती ताटली हातातून काढून घेतली. फणसावरचे फेलिनस वेगळे, हे गॅनोडर्मा वेगळे. नुसते दिसण्यावरून बाळाच्या तोंडात घालायचे? अम्मी दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

चुन्याने झाड बरे झाले, असे आम्ही धरून चाललो होतो. पुढच्या पावसात तीन ताटल्या आल्या. खालच्या पानांवर कोकोसारखी भुकटी साचली. मुलगी म्हणाली, ताटली म्हणजे नुसते फळ. बुरशीचे खरे अंग बारीक तंतूंचे, ते लाकडाच्या आत असते आणि लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन खात जाते. आंबे उतरवले म्हणून आंब्याचे झाड जाते का? ताटली बाहेर दिसते, तोवर आत बरेच काही खाऊन झालेले असते.

भीमाशंकरच्या रानात हीच जमात हवी. पडलेल्या ओंडक्यांची माती तीच करते, नाहीतर रानात पाय ठेवायला जागा उरली नसती. आपल्या पुण्यातच, 1946 साली सुरू झालेल्या आघारकर संशोधन संस्थेत, आजरेकरांच्या नावाचा बुरशींचा संग्रह आहे. असल्या नमुन्यांची तिथे नावानिशी नोंद होते. आम्ही मात्र इतकी वर्षे सगळ्यांना एकच नाव देत आलो.

परवा बुंध्यावर हातोडीने ठोकून पाहिले. एका बाजूने पोकळ आवाज आला. त्याच बाजूला मुलांचा झोका होता. तो त्याच संध्याकाळी सोडला आणि झाड तपासून जड फांद्या उतरवण्यासाठी अर्ज दिला. अम्मींची खुर्चीही ओट्यावर आणली. सकाळी पाहावे तर ती पुन्हा गुलमोहराखाली असते.