आमच्या घराण्याचं नाक

आमच्या घराण्याचं नाक सरळ, लांब आणि वर्षातले सहा महिने बंद. मृग लागला की वाफाऱ्याचं भांडं चुलीवर चढायचं, ते दिवाळीलाच उतरायचं. शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारायच्या, "एन्री, मत्ते नेगडी?" आणि आई इकडून "हौद्री" म्हणायची.

बेळगावच्या पावसाला कोणी बोल लावत नसे. बोल लागायचा आईला. रात्री ताक का दिलं, ओल्या केसांनी का झोपू दिलं! धाकट्या भावाच्या नाकातलं मांस वाढलं, तेव्हा तर आत्याने "हे हिच्या माहेरचं" असा निकालच दिला. त्या वेळी आजोबा ओसरीवर सटासट शिंकत होते, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

वंशाचा संबंध खरोखरच आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात वंशावळी आणि दवाखान्यांतल्या नोंदी जुळवून पाहिल्या गेल्या. नाकात असं मांस वाढलेल्या सायनसच्या रुग्णाचे आईबाप, भावंडं, मुलं यांना तोच त्रास होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे चौपट असते, असं २०१५ साली त्यातून दिसलं. अर्थात एका घरातल्यांची ओल आणि धूरही एकच असतो, आणि ही काही एकाच जनुकाची करणी नव्हे.

मला सर्वांत मौजेचं वाटतं ते कडू चवीचं प्रकरण. १९३१ च्या सुमारास ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स पीटीसी नावाची भुकटी हाताळत होते. ती उडाली. सहकाऱ्याचं तोंड कडूजहर झालं. फॉक्सना काहीच लागेना. या चवीचं जनुक २००३ मध्ये सापडलं. तोच चवग्राहक नाकाच्या अस्तरातही पहारा देतो, हे २०१२ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या संशोधकांनी दाखवलं. काही जिवाणूंचे आपसातले रासायनिक निरोप त्याला 'कडू' लागतात; मग पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून त्यांना मारतात, शेंबूड बाहेर लोटण्याचा वेग वाढवतात. ज्यांना आईबाप दोघांकडून बोथट प्रत मिळते, त्यांचा पहारेकरी डुलक्या घेतो. पाडव्याच्या कडुनिंबावर किंवा शेजारच्या बेवु-बेल्लावर मात्र ही परीक्षा करू नये. ती कडू चव निराळी.

"आईबाप दोघांकडून" हे शब्द मी आईला दोनदा वाचून दाखवले. ऐंशी ओलांडलेली आई म्हणाली, "आता काय उपयोग? ऐकायला आत्या कुठे आहे?"

यंदा बहिणीने माझ्या मुलीला आपल्या मुलासाठी मागणी घातली. मामाची मुलगी करणं आपल्या भागात, घर कन्नड असो वा मराठी, जुनंच. पण बहिणीचंही नाक याच घराण्याचं. डॉक्टर म्हणाले, नुसत्या सायनससाठी स्थळ मोडू नका. मात्र आते-मामे भावंडांत सरासरी एक-अष्टमांश जनुकं सामायिक असतात. १९३३ मध्ये कार्टाजेनर यांनी वर्णिलेल्या विकारात श्वासमार्गातले सूक्ष्म केस नीट हलत नाहीत, सायनस आणि छाती कायम भरलेली, हृदय उजवीकडे. बहुतेक वेळा दोन सदोष प्रती एकत्र आल्या तरच तो होतो. नवराबायको दोघांकडे एकेक असेल, तर प्रत्येक मुलाला चारांत एक धोका. असं मूल आमच्या नात्यात नाही. पण एकच प्रत असलेला माणूस धडधाकटच असतो.

बहीण हे ऐकून रागावली. "आत्याने आईला बोल लावला, तसाच तू मला लावतोस," म्हणाली.

मुलगी परवा म्हणाली, "बाबा, नाकाचं राहू द्या. मला तो दादाच वाटतो." हे बहिणीला अजून सांगितलेलं नाही. भाऊबीजेला ती येणार आहे.