गेलेल्या नटाची भूमिका

१६ ऑगस्ट २०२५ ला ज्योती चांदेकर गेल्या, तेव्हा ‘ठरलं तर मग’ ऐन भरात होती. डिसेंबर २०२२ पासून स्टार प्रवाहवर चाललेल्या या मालिकेत त्या पूर्णा आजी होत्या, सुभेदारांच्या घरातल्या वडीलधाऱ्या. परभणी, सेलू, गंगाखेडात रात्रीचा स्वयंपाक मालिकेच्या वेळेवर बेतणारी घरं आहेत. अशा घरांत एका दमात दोन गोष्टी निघाल्या: बाई गेल्या हो, आणि आता आजीचं कसं? या दुसऱ्या प्रश्नाला कुणी निष्ठुर म्हणू नये. रोज घरात येणाऱ्या माणसाविषयीच तो विचारला जातो.

अशा वेळी मालिकेच्या लेखकापुढे तीन वाटा असतात. पात्रालाही मारायचं, त्याला तीर्थयात्रेला किंवा थोरल्या लेकीकडे पाठवून द्यायचं, नाहीतर त्याच नावाने दुसरं माणूस उभं करायचं. पहिल्या दोन वाटा सोप्या आहेत. ‘ठरलं तर मग’ने तिसरी धरली आणि काही आठवड्यांनी रोहिणी हट्टंगडी पूर्णा आजी म्हणून त्या घरात आल्या.

मालिकावाले याला ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात. पण कलाकार मालिका सोडून गेल्यावरची रिप्लेसमेंट आणि गेलेल्या माणसाची रिप्लेसमेंट यांत फार अंतर आहे. नट सोडून गेला तर प्रेक्षक चिडतो. चिडलेला माणूस पंधरा दिवसांत निवळतो. नट वारला तर प्रेक्षकाच्या मनात राग नसतो, हळहळ असते, आणि त्या हळहळीच्या मधोमध नव्या नटाला प्रवेश घ्यावा लागतो. त्याने चांगलं काम केलं तर ‘तिला विसरलात का’ अशी टोचणी, वाईट केलं तर ‘तिची सर नाही’.

चेहरा बदलला म्हणून प्रेक्षक पात्राला नाकारतो, असं मात्र नाही. २०१० च्या ‘मी सिंधुताई सपकाळ’ या चित्रपटात तरुणपणीची सिंधुताई तेजस्विनी पंडित होती आणि उतारवयातली ज्योती चांदेकर, म्हणजे तिची सख्खी आई. एका तिकिटात दोन चेहरे, आणि बाई एकच आहे याविषयी कुणाला शंका आली नाही. अडचण आवाजाची असते, बोलण्यातल्या विरामांची असते, आणि सगळ्यात जास्त भोवतीच्या माणसांची असते.

नाटकवाले जुन्या काळापासून सांगत आलेत की राजा नटाने करायचा नसतो, भोवतीच्यांनी करायचा असतो. दरबारी उठून उभे राहिले की सिंहासनावर बसलेला कुणीही राजा होतो. नवी पूर्णा आजी ही निम्मी रोहिणी हट्टंगडींनी केली असेल, तर निम्मी तिच्याशी बोलणाऱ्या सायलीने आणि अर्जुनने, म्हणजे जुई गडकरी आणि अमित भानुशाली यांनी. जुन्या मंडळींची नजर नव्या माणसावर ‘आजी’ म्हणून स्थिरावली की प्रेक्षकाचीही स्थिरावते. ती जरा घुटमळली तरी कॅमेरा पकडतो. आणि निवड नेमकी होती. हट्टंगडींनी १९८२ च्या ‘गांधी’त कस्तुरबा केली तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या. वय अंगावर घेणं त्यांना तेव्हापासून ठाऊक. ‘चार दिवस सासूचे’मुळे घरातली कर्ती बाई म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतोच. म्हणजे त्या येतानाच आपला दरारा घेऊन आल्या, कुणाकडून उसना घ्यायची गरज पडली नाही.

परभणीसारख्या ठिकाणी हा पेच टीव्हीपेक्षा तालमीच्या खोलीत जास्त भेटतो. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि तिच्यासाठी दरवर्षी नाटक बसवणाऱ्या हौशी मंडळींना बदली नट ही नित्याची गोष्ट. कुणाची बँकेत बदली होते, कुणी नोकरीसाठी पुणं धरतं, कुणाच्या घरचे ‘पुरे झालं’ म्हणतात. कुणी मुंबई गाठून नावही काढतो. संकर्षण कऱ्हाडे परभणीचाच. आणि एखाद्या वर्षी मुख्य नटच दगावतो. मंडळी चार दिवस तालमीला फिरकत नाहीत. मग कुणीतरी म्हणतं की त्यालाही प्रयोग व्हायलाच हवा होता, आणि पुस्तक दुसऱ्याच्या हातात जातं.

ही तालीम बघण्यासारखी असते. नवा नट पुस्तक घेऊन उभा राहतो. सहायक त्याला जागा सांगतो: खिडकीपासून खुर्चीपर्यंत ये, मुलीने हाक मारली की वळ. मुलगी विचारते, ‘बाबा, पैसे कुठं गेले?’ नवा नट लगेच उत्तर देतो आणि मुलगी अडखळते. पुस्तकाप्रमाणे उत्तर बरोबर आहे. पण आधीचा नट इथे चष्मा काढायचा, धोतराच्या सोग्याने पुसायचा, पुन्हा डोळ्यांवर चढवायचा आणि मग बोलायचा. तेवढ्या वेळात मुलीच्या चेहऱ्यावर संशय चढायचा. आता तिला चढायला जागाच उरली नाही. तिला वाटतं, नव्याला जमत नाही. नव्याला वाटतं, हिचंच पाठांतर कच्चं. आणि दोघांच्याही मनात जो तिसरा आहे त्याचं नाव कुणी काढत नाही.

दिग्दर्शकाचं खरं काम इथे सुरू होतं. ‘चष्मा पूस’ असं त्याने सांगितलं तर नकलेची सुरुवात झाली. नवा नट चष्मा पुसेलही, पण ती सवय दुसऱ्याच्या हाताची. प्रेक्षकालाही लगेच तो गेलेला हात आठवेल. त्याऐवजी विचारायला हवं: तो विराम नटाचा होता की भूमिकेचा? बाप काहीतरी लपवतो आहे, उत्तर जुळवायला त्याला वेळ हवा आहे. म्हणजे विराम भूमिकेचा, चष्मा नटाचा. विराम ठेवायचा, चष्मा सोडून द्यायचा. त्या विरामात नवा नट काय करील ते त्याचं त्याने शोधावं. पाण्याचा तांब्या उचलेल, उंबऱ्याकडे बघेल, नाहीतर काहीच करणार नाही. मुलीला वेळ मिळाला की तिचं वाक्य आपोआप ताळ्यावर येतं. एका भूमिकेत अशा पंधरा-वीस जागा निघतात. त्या एकेक करून वेगळ्या काढणं हेच बदली भूमिकेचं सगळं शास्त्र. मालिकेत मात्र याला सवड नसते. आज निवड, परवा चित्रीकरण. त्यामुळे तिथे हे काम नटाला एकट्याने, मनातल्या मनात करावं लागतं.

काही भूमिकांत बाह्य खुणाच एवढ्या ठळक असतात की त्याच भार उचलतात. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’मधले डॉक्टर हाथी करणारे कवीकुमार आझाद जुलै २०१८ मध्ये गेले. त्यांच्या जागी निर्मल सोनी आले, आणि ही भूमिका अगदी सुरुवातीला त्यांनीच केलेली होती. तिथे देहयष्टी, वेश आणि ठरलेल्या लकबी पुरल्या.

‘स्पार्टाकस’ या अमेरिकन मालिकेचं प्रकरण याहून अवघड. नायकच आजारी पडला. २०१० मध्ये पहिलं पर्व गाजलं आणि अँडी व्हिटफिल्डला रक्ताचा कर्करोग असल्याचं निदान झालं. निर्मात्यांनी घाई केली नाही. नायकाच्या आधीच्या काळातली कथा घेऊन त्यांनी मधलं एक छोटं पर्व काढलं आणि त्याची वाट पाहिली. आजार उलटला तेव्हा लियाम मॅकिंटायरची निवड झाली, आणि तीही व्हिटफिल्डच्या संमतीने. सप्टेंबर २०११ मध्ये व्हिटफिल्ड गेला, २०१२ मध्ये मॅकिंटायरचा स्पार्टाकस पडद्यावर आला. जाणाऱ्याने स्वतः भूमिका हाती द्यावी, असं भाग्य क्वचितच लाभतं. आपल्याकडे मग घरच्यांना भेटून विचारतात, आणि पहिल्या प्रयोगाला नटराजाशेजारी फोटो ठेवून हार घालतात. ही रीत चांगली आहे. नवा नट त्या फोटोला नमस्कार करून विंगेत जातो तेव्हा मंडळींच्या मनातली कोंडीही थोडी फुटते.

मराठी रंगभूमीवर मंजुळेची गोष्ट सर्वांना ठाऊक. पु. ल. देशपांड्यांच्या ‘ती फुलराणी’त १९७५ पासून भक्ती बर्वे ही भूमिका गाजवत होत्या. फेब्रुवारी २००१ मध्ये वाईहून मुंबईला परतताना द्रुतगती मार्गावरच्या अपघातात त्या गेल्या. पुढे अमृता सुभाष आणि हेमांगी कवी यांनी मंजुळा केली. तिचं ते रागाचं स्वगत प्रेक्षकांना इतकं पाठ की नव्या मंजुळेच्या आधीच सभागृह मनात ते म्हणून टाकतं. तिथे दोघींच्या मदतीला संहिता होती. पुलंनी मंजुळेचा राग वाक्यावाक्यात असा चढवत नेला आहे की नटीने प्रामाणिकपणे वाक्यामागे जावं, राग येतोच.

पण सहकलाकारही नाहीत, लेखकही तोच आणि दिग्दर्शकही तोच, असं असेल तर? या प्रश्नाचं उत्तर परभणीला लांब शोधायला जावं लागत नाही. प्रा. लक्ष्मण देशपांडे औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ त्यांनीच लिहिलं, त्यांनीच बसवलं आणि एकट्यानेच उभं केलं. बावन्न पात्रं, जवळजवळ तीन तास, रंगमंचावर एक माणूस. २००४ मध्ये गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. त्याआधी कितीतरी वर्षं ते कॅसेटवरून मराठवाड्याच्या घराघरांत, लग्नाच्या टेम्पोंत वाजतच होतं. २२ फेब्रुवारी २००९ ला देशपांडे गेले आणि बावन्न जण एकाच दिवशी पोरके झाले.

त्यानंतर हे नाटक संदीप पाठक यांनी उचललं. पाठक माजलगावचे. पाथरीहून निघालं आणि ढालेगावजवळ गोदावरी ओलांडली की माजलगावचा रस्ता लागतो. जिल्हा बदलतो, बोली तीच राहते. पाठक पुण्याच्या ललित कला केंद्रात शिकले, चित्रपटांत, मालिकांत रुळले, पण ‘वऱ्हाड’साठी त्यांना जे लागलं ते ते घरूनच घेऊन निघाले होते. या नाटकात प्रसंग थोडे आणि माणसं फार. ही माणसं ओळखू येतात ती बोलण्यावरून: कोण शब्द लांबवतो, कोण वाक्य अर्ध्यात सोडून पुढच्यावर उडी मारतो, कोण रागावला की आवाज चढवण्याऐवजी खाली आणतो. हे कॅसेट ऐकून पाठ करता येतं, पण मग बावन्न पात्रांऐवजी एक लक्ष्मण देशपांडेच ऐकू येतात. शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ‘वऱ्हाड’ करणाऱ्या पोरांचं असंच व्हायचं. टाळ्या पडायच्या त्या देशपांड्यांच्या आवाजाला. या नाटकातला पाठकांचा बबन्या ऐकताना देशपांड्यांआधी आठवतं ते आपल्या गल्लीतलं एखादं पोरगं. त्यांनी बबन्या देशपांड्यांकडून घेतला नाही. देशपांड्यांनी जिथून आणला होता तिथूनच घेतला.

आणि उपरणं? देशपांड्यांच्या खांद्यावरचं उपरणं डोक्यावर आलं की बाई उभी राहायची, गुंडाळलं गेलं की म्हातारा. ती नटाची लकब असती तर सोडून देता आली असती. पण उपरण्याशिवाय बावन्न जण एकमेकांत मिसळून जातील. ते भूमिकेचंच अंग, म्हणून ते पाठकांच्याही खांद्यावर राहिलं. तालमीतला चष्मा आणि हे उपरणं यांतला फरक ज्या दिग्दर्शकाला कळला, त्याने बदली नटाची निम्मी वाट सोपी केली.

‘वऱ्हाड’ टिकलं, त्याला मोठं कारण असं की संहिता छापलेली होती, ध्वनिमुद्रण होतं आणि त्याच मातीतला एक तयारीचा नट मिळाला. हौशी मंडळींच्या नाटकांना यातलं काहीच मिळत नाही. परभणी, जिंतूर, सेलू, मानवतच्या मंडळींनी स्पर्धेसाठी बसवलेल्या कितीतरी नाटकांत हातची ठेवावी अशी कामं होऊन गेली, आणि ती करणारी माणसं गेली तेव्हा मागे पिवळं पडलेलं एक पुस्तक राहिलं, तेही सहायकाच्या कपाटात. त्या पुस्तकाच्या समासात चाली असतात: ‘डा. वि.’ (डावी विंग), ‘खुर्ची मागे’, ‘बसतो’. तो तिथे का थांबतो, हे लिहिलेलं नसतं. नाटक बसवताना सहायकाने तेवढं एक वाक्य लिहून ठेवावं. प्रत्येक विरामापुढे, पेन्सिलीने का होईना. नाट्यशास्त्र विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांना ही सवय लावावी, आणि मराठवाड्यातले जे ज्येष्ठ नट आज हयात आहेत त्यांच्यासमोर बसून त्यांच्याकडून हे लिहून घ्यावं: तुम्ही इथे का थांबता, हे तुमचं की त्या माणसाचं? एका दुपारचं काम आहे. येत्या हंगामाच्या तालमी सुरू होण्याआधी ते करता येईल.