पहारेकऱ्याची हाकाटी

परक्याच्या शब्दावर विसंबून आपल्या माणसावर अविश्वास दाखविण्याचा प्रसंग बहुतेकांवर केव्हां ना केव्हां येतो. आमच्यावर तो देवणीस, आमच्या टंकलेखनाच्या लहानशा दुकानांत आला. आणि तो परका म्हणजे कोणी माणूस नव्हे, संगणकांतील अँटीव्हायरस होता.

दुकानांत दोन संगणक आहेत. एकावर मजकूर तयार होतो, दुसऱ्यावरून छपाई होते. दोहोंमध्यें एक तार. १९४८ च्या मुक्तिसंग्रामाविषयीं कांहीं वृद्धांनीं सांगितलेल्या आठवणींची पुस्तिका १७ सप्टेंबरपूर्वीं छापून द्यावयाची होती. मजकूर जुन्या फॉन्टांत होता. तो युनिकोडमध्यें आणणारी एक छोटी आज्ञावली आमच्या भाच्यानें रात्री जागून लिहिली. ती दुसऱ्या संगणकाकडे पाठविली. इकडे 'गेली' असें दिसलें. तिकडे पाहावें तों फाईल नाहीं! पुन्हां पाठविली, पुन्हां नाहींशी. तिसऱ्या खेपेस लाल इशारा झळकला: घातक व्हायरस सांपडला, कोंडून ठेवला. आम्ही भाच्याकडे वळलों व म्हणालों, "कुठून काय उतरवून आणलंस रे?" तो कांहीं न बोलतां चपला घालून निघून गेला.

दुसरे दिवशीं सकाळीं एक आजोबा पुस्तिकेची चौकशी करीत आले. काम अडलेलें. तेव्हां आदल्या रात्रीं ज्याच्या शब्दावरून भाच्यास दुखविलें, त्या पहारेकऱ्यालाच आम्हीं झोपविलें! फाईल झटक्यांत गेली, पुस्तिका छापून झाली, आणि पहारेकरी निजलेला आहे हें आम्ही आठवडाभर विसरून गेलों.

हा पहारेकरी ओळखतो तरी कसा? तोंडावर काळेपणा असलेला वानेरा, सगळा पांढरा बालंक्या, अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा, हे देवणी जनावरांचे प्रकार आमच्याकडील पोरेंही खुणांवरून सांगतात. अँटीव्हायरसचें निम्में काम असेंच चालतें. माहीत असलेल्या व्हायरसांच्या खुणांशीं तो प्रत्येक फाईल ताडून पाहतो. परंतु नवे व्हायरस रोज निघतात, म्हणून तो चालचलणुकीवरूनही संशय घेतो. आणि कित्येक पहारेकरी ही फाईल जगांत आणखी कितीजणांपाशीं आहे हेंही पाहतात. लक्षावधींनीं वापरलेली ती सज्जन. देवणींत एकट्यानें लिहिलेली, कोणाची सही नसलेली, ती संशयित. तिचा अपराध एवढाच कीं ती अनोळखी! ओळखीच्यांनाही हा अनुभव चुकत नाहीं. २१ एप्रिल २०१० रोजीं मॅकॅफीनें विंडोज एक्सपीचीच एक आवश्यक फाईल चोर ठरविली. सप्टेंबर २०१२ मध्यें सोफॉसनें तर स्वतःचीच आज्ञावली पकडली.

असें असलें तरी पहारा नकोच म्हणणें वेडेपणाचें. जून २०१७ मध्यें नोटपेट्या अशाच तारांवरून एका संगणकांतून दुसऱ्यांत शिरत गेला, आणि न्हावा-शेवा बंदरांतील एका टर्मिनलचें काम ठप्प झालें. हें आठवलें तेव्हां आम्हांस दरदरून घाम फुटला. खोट्या हाकाटीनें खोळंबा होतो तो थोडका. खरी हाकाटी ऐकण्याची संवयच सुटते, हें नुकसान मोठें.

आम्हीं पहारेकऱ्यास जागें केलें, दोन्ही संगणक तपासले, आणि ती एक फाईल त्याच्या कर्त्यांकडे तपासणीस धाडली. उत्तर आलें: फाईल निर्दोष आहे, चूक आमची. मग तेवढ्या एका फाईलीपुरती वाट मोकळी केली.

तें उत्तर भाच्यास वाचून दाखविलें. तो म्हणाला, "मामा, त्या मशीनला मी कुठं ठाऊक होतो? तुम्हाला तर ठाऊक होतो."

कर्त्यांनीं आपली चूक एका ओळींत कबूल केली होती. आम्हांस तेवढ्यासाठीं आणखी दोन दिवस लागले.