शर्त, शर्यत आणि शर्थ

शर्त, शर्यत आणि शर्थ हे तीन शब्द आपण तीन निराळ्या प्रसंगी वापरतो. शर्त करारनाम्यात असते, शर्यत मैदानात आणि शर्थ माणसाच्या प्रयत्नांत. त्यामुळे तिघांचे मूळ एकच असेल, अशी शंकाही सहसा येत नाही. मूळ अरबी 'शर्त' फारसीच्या वाटेने मराठीत आली आणि इथल्या जिभेवर तिची ही तीन रूपे झाली. आधी अट घालायची, मग पैज लावून धावायचे आणि धावताना काही म्हणून राखून ठेवायचे नाही, असा तो क्रम लावता येतो. वर्गात आम्ही हा क्रम बरीच वर्षे सांगत आलो. मात्र तिसरा शब्द पहिल्या शब्दाच्या विरोधात उभा राहू शकतो, हे आमच्या ध्यानात आले ते एका भाड्याच्या मोटारीमुळे.

भाड्याची मोटार आणि शर्यतीचे मैदान यांचे नाते जगात एका ठिकाणी फार प्रसिद्ध आहे. जर्मनीतील आयफेलच्या डोंगराळ भागात न्युर्बुर्गरिंग नावाचा मार्ग १९२७ साली खुला झाला. त्याचा उत्तरेकडील वेढा वीस किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा आहे. दाट झाडी, चढउतार आणि आंधळी वळणे यांमुळे जॅकी स्टुअर्ट या शर्यतपटूने त्याला 'हिरवा नरक' म्हटले. १९७६ साली निकी लाउडा तिथे जळत्या गाडीत सापडला, त्यानंतर फॉर्म्युला वनच्या शर्यती या वेढ्यावर पुन्हा झाल्या नाहीत. पण शर्यती नसतील त्या ठरावीक वेळी हा मार्ग सर्वांसाठी मोकळा असतो. पथकर भरावा आणि आपले वाहन आत न्यावे. कायद्याच्या दृष्टीने तेव्हा तो एकेरी वाहतुकीचा पथकर-रस्ताच असतो. साहजिकच विमानतळावर भाड्याने घेतलेली साधी मोटार थेट तिथे नेण्याचा मोह अनेकांना होतो. भाड्याच्या करारात बहुधा त्याला स्पष्ट मनाई असते. तिथे अपघात झाला तर विम्याचे संरक्षण उरत नाही, आणि कडेच्या लोखंडी कठड्याची मोडतोड झाली तर तिचेही बिल चालवणाऱ्याकडे येते. तरीही लोक मोटारी नेतात. गाडी आपली नाही, एवढ्याच कारणाने तिचा अंत पाहण्याचे धैर्य माणसाला होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आपल्याकडे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीन वर्षी फॉर्म्युला वनची शर्यत झाली. मद्रासजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा मार्ग त्याहून जुना, १९९० पासूनचा. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला शर्यतीचे सार्वजनिक मैदान म्हटले की यांपैकी काहीही आठवत नाही. त्याला आठवतो तो शंकरपट.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली हे जिल्हे आणि चंद्रपूरचा पूर्वभाग. हा धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा मुलूख आहे. धान निघाला, बांध्या कोरड्या पडल्या, बैलांना थोडी उसंत मिळाली की थंडीत गावोगावी पट भरतात. सरळ आखलेल्या धावपट्टीवर हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी सोडायची आणि तिने घेतलेला वेळ मोजायचा. अंतर लांब नसते. सारा निकाल काही सेकंदांत, कधी सेकंदाच्या अंशात लागतो. या काही सेकंदांसाठी गावात पाहुणे येतात, जावई-लेकी येतात, दुकाने लागतात आणि रात्री नाटक असते. वडसा हे या नाटकांचे मोठे केंद्र. तिथल्या मंडळ्या गावकरी बोलावतात आणि त्या रात्रभर प्रयोग करतात. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि २०२३ साली परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली, त्यामुळे बाहेरच्या वाचकांना हा प्रदेश आता अगदीच अनोळखी राहिलेला नाही. तरी दिवसाचा पट आणि रात्रीचे नाटक ही एकाच उत्सवाची दोन अंगे आहेत, हे इथे आल्यावाचून कळत नाही.

२०२४ च्या जानेवारीत आम्ही वडशाकडच्या एका गावी पट पाहण्यास गेलो. नागपुरात स्वतः चालवण्याची मोटार भाड्याने घेतली होती. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली ती मोटार. नागभीड, ब्रह्मपुरी करीत दुपारपर्यंत पोचलो. दोन फेऱ्यांमधल्या विश्रांतीत धावपट्टी मोकळी झाली, तेव्हा आमच्याच महाविद्यालयातून पूर्वी शिकून गेलेल्या काही तरुणांनी सुचवले की, सर, गाडी एकदा पटावर सोडा, किती सेकंद लागतात ते पाहू. घड्याळवाले तयार होते. पाटीच्या रंगावरून गाडी भाड्याची आहे हे त्यांनी ओळखलेच होते. 'तुमची थोडीच आहे', हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता.

आम्ही गाडीतील कागद काढून त्यांना वाचून दाखवला. वाहन शर्यतीसाठी, वेगाच्या चाचणीसाठी वा स्पर्धेसाठी वापरता येणार नाही, असे त्यात होतेच. विम्याच्या कागदावरही हेच. आपल्या मोटारविम्याच्या पत्रकात 'वापराच्या मर्यादा' म्हणून जो मजकूर असतो, त्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १८९ तर राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी मोटारींची शर्यत लावणे हाच गुन्हा मानते. शर्यतीला शर्तीने घातलेली ही तिहेरी बंदी ऐकून मुले हसली. त्यांच्यामागे उभा असलेला एक वयस्क धुरकरी मात्र हसला नाही. धुरकरी म्हणजे पटात जोडी हाकणारा. जोडीचा मालक वेगळा आणि धुरकरी वेगळा असे पुष्कळदा असते. नाव असलेल्या धुरकऱ्याला मालक मुद्दाम बोलावतात. तो एवढेच म्हणाला की, आम्हालाही कागद असतो, फक्त तो तोंडी असतो. त्या दिवशी ज्यांची जोडी तो हाकणार होता, त्यांनी त्याला तीन गोष्टी सांगितल्या होत्या: डाव्या बैलाला हात लावायचा नाही, सुटताना घाई करायची नाही आणि जोडीने मान टाकली तर फेरी सोडून द्यायची. हरलो तरी चालेल, असे मालकाने म्हटले होते का, असे आम्ही विचारले. तसे कोणी म्हणत नसतो, असे उत्तर आले.

या उत्तरात पटाचा सारा पेच आहे. दुसऱ्याची जोडी हाती घेऊन शर्थ करायची, पण शर्तीच्या आत राहून. महाभारतात कर्णाचे सारथ्य करण्यास शल्य तयार होतो तोही एक अट घालून. कर्णाशी आपण मनास येईल ते बोलू, ही ती अट. ती पाळली गेली आणि कर्णाला महाग पडली, हे कर्णपर्व वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. रथ एकाचा, लगाम दुसऱ्याचा आणि हेतू तिसऱ्याचा असला म्हणजे अटीचा अर्थ कोणी लावायचा, हा प्रश्न आपल्या परंपरेत नवा नाही. पण त्या कथेत घोड्यांची बाजू कोणी विचारत नाही. पटाच्या बाबतीत ती न्यायालयाने विचारली.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींनाही मनाई केली. बैल हा ओझे ओढणारा प्राणी आहे, घोड्यासारखी धावण्यासाठी त्याची शरीररचना नाही, हे त्या निकालातील एक महत्त्वाचे निरीक्षण. २०१७ साली तामिळनाडूतील आंदोलनानंतर तिथे कायदा बदलला, त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपली दुरुस्ती केली. पण मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मज्जाव केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमांच्या अधीन राहून शर्यतींना वाट मोकळी करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाची तपासणी लागते, आणि काठी, चाबूक, विजेचा धक्का देणारी साधने यांना बंदी आहे. धुरकऱ्याला तोंडी सांगितल्या जाणाऱ्या शर्ती अशा रीतीने छापील झाल्या.

ही बंदी उठली याचा आनंद गावोगावी झाला, आणि तो खोटा नव्हता. पट बंद असताना मंडईच्या आणि इतर निमित्तांनी नाटके होतच राहिली, पण दिवस रिकामा राही. पाळलेला बैल केवळ नांगरापुरता उरला आणि ट्रॅक्टरने नांगरही काढून घेतल्यावर त्याला दावणीला ठेवायचे कारणच कित्येक घरांत राहिले नाही. पट राहिला तर बैल राहील, हा समर्थकांचा युक्तिवाद आहे आणि तो सहज झटकून टाकता येत नाही. उलट बाजूचा युक्तिवादही तसाच आहे: जगण्याचे कारण म्हणून धावणे ज्याच्यावर लादले, त्याने ही अट कधी मान्य केली? भाड्याच्या मोटारीला वेदना नाहीत. तिच्यावर केलेला अन्याय म्हणजे तिच्या मालकाचे नुकसान. बैलाच्या बाबतीत मालकाची संमती आणि बैलाचे दुःख या दोन निराळ्या वस्तू आहेत. एकीने दुसरी भरून निघत नाही.

यावर आम्हा दोघांचे एकमत नाही. त्याचे कारण आमच्यातील एकाच्या घरी आहे. ब्रह्मपुरीकडे त्यांची कोरडवाहू शेती होती आणि एक जोडी होती. एकाच बैलाचा धनी असलेला शेजारी नांगरटीच्या दिवसांत दुसरा बैल मागून नेई. हे नेहमीचेच होते, त्याचा हिशेब कोणी ठेवत नसे. एका वर्षी तो बैल नांगरासाठी म्हणून गेला आणि दोन गावे ओलांडून पटावर धावला. परत आला तेव्हा मागचा पाय टेकवत नव्हता. शेजाऱ्याने पैसे देऊ केले, बक्षिसातला अर्धा वाटा देऊ केला. वडिलांनी काही घेतले नाही. 'नांगराले मागितला होता, पटाले नाही,' एवढे एकच वाक्य ते बोलले आणि पुढे त्या घराशी बोलणे बंद झाले. बैल त्यानंतर जोडीत चालला नाही. पुढच्या खरिपात रोवणीआधीची चिखलणी करायला वडिलांना दुसऱ्यांच्या दारी जावे लागले. ज्या घरांकडे गेले, त्यांत त्या शेजाऱ्याचे घर नव्हते.

या वाक्यात व्याकरणदृष्ट्या पाहण्यासारखे एवढेच आहे की त्यात 'बैल' हा शब्द नाही आणि अट घातल्याचा उल्लेखही नाही. अट मागणीतच होती. नांगरासाठी मागणे म्हणजेच पटासाठी न मागणे, हे दोन्ही घरांना शिकवावे लागत नव्हते. भाड्याच्या कराराला ते कलम लिहावे लागते, कारण देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत. शेजाऱ्याला ते लिहून दिलेले नव्हते, म्हणूनच त्याचा भंग अधिक खोल गेला. पैसे घेतले असते तर व्यवहार भाड्याचा झाला असता आणि नुकसानभरपाई होऊन मिटलाही असता. वडिलांना तो भाड्याचा होऊ द्यायचा नव्हता, असे आम्हाला आज वाटते. त्या वेळी घरात सर्वांना तो नुसता ताठा वाटला होता.

त्यामुळे त्या जानेवारीत आमच्यातील एकजण धावपट्टीच्या कडेला उभा राहून सेकंद मोजत होता आणि दुसरा पशुवैद्यकाच्या टेबलाशी खुर्ची टाकून बसला होता. पहिल्याचे म्हणणे असे की, धुरकऱ्याने मालकाच्या तिन्ही गोष्टी पाळल्या आणि तरी जोडी उत्तम धावली, तेव्हा शर्त आणि शर्थ एकत्र नांदू शकतात. त्या दिवशी त्याने खरोखरच डाव्या बैलाला हात लावला नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की, हे धुरकऱ्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहिले आणि चांगुलपणा हा नियम होऊ शकत नाही. नांगरासाठी बैल नेणारा शेजारीही बाकी आयुष्यात भला माणूसच होता. यावर पहिल्याकडे उत्तर नाही. मात्र तपासणीच्या टेबलावर सही झालेल्या कागदाने तरी बैलाची बाजू किती मांडली, याचे उत्तर दुसऱ्याकडेही नाही. रात्रीचे नाटक मात्र आम्ही दोघांनी शेजारी बसून पहाटेपर्यंत पाहिले.

वर्गात आता तीन शब्द शिकवताना आम्ही क्रम सांगून थांबत नाही. शर्थ केली असे कोणी अभिमानाने लिहिले, तर ती कोणाच्या बळावर केली, हे विद्यार्थ्यांना विचारायला लावतो. शिलेदाराने शर्थ केली तेव्हा घोडा कोणाचा होता, खेळाडूने केली तेव्हा गुडघे कोणाचे होते. बहुतेक उत्तरे 'स्वतःचे' अशी येतात आणि मग विचारणाऱ्याला पुढे जाता येते. झाडीपट्टीतल्या मुलांना उदाहरण वेगळे द्यावे लागत नाही. गेल्या वर्षी एका मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिले की तिच्या घरची जोडी पटात पळते आणि ती पळते तेव्हा आई मैदानाकडे पाठ करून उभी असते. आम्ही तिला पूर्ण गुण दिले. पुढे काय लिहावे, हे आम्हाला सुचले नाही.