वहिनीचा प्रश्न

“हाड मोडले आहे, सूज ही येणारच,” एवढ्या एका वाक्यावर माझ्या वहिनीची बोळवण ज्या सहजतेने करण्यात आली, ती सहजता आठवली की आजही माझा संताप अनावर होतो.

पवन मावळात आवणीच्या धांदलीत दादा बांधावरून घसरला, गुडघ्याखालचे हाड मोडले, प्लास्टर झाले आणि तो खाटेला खिळला. पावसाळ्यात आमच्याकडे हे नित्याचेच. पुढे प्लास्टरच्या वरची मांडी फुगून गरम लागू लागली, हे वहिनीच्या ध्यानात आले आणि प्लास्टर दाखवायला नेले असता तिने विचारले, “डॉक्टरसाहेब, इतके दिवस नव्हती, मग आताच ही मांडी का फुगावी?” प्रश्न किती नेमका होता! परंतु तो शेतात राबणाऱ्या बाईच्या मुखातून आला म्हणूनच की काय, एक मांडी दुसरीशी ताडून पाहण्याची तसदीही कोणी घेतली नाही. तिने पुन्हा विचारले, तेव्हा पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले गेले.

त्यानंतर एका पहाटे दादाला एकाएकी धाप लागली. लोणावळ्याहून पुण्यास हलविल्यावर निदान झाले: पायाच्या शिरेत धरलेली रक्ताची गाठ सुटून, हृदयातून पुढे जाऊन फुप्फुसात अडकली होती.

विळा लागताच जे रक्त थिजून दादाला आजवर वाचवीत आले, तेच नळीच्या आत का थिजावे, याचे मला नवल वाटले. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकातच या गाठीचा माग फुप्फुसापासून पायाच्या शिरेपर्यंत काढला होता. प्रवाह मंदावणे, नळीच्या अस्तरास इजा होणे आणि रक्ताची थिजण्याची प्रवृत्ती वाढणे, ही तीन कारणे आज त्याच्याच नावाने सांगितली जातात. पोटरीचे स्नायू आवळून रक्त वर ढकलतात. प्लास्टरमध्ये ते निश्चल झाले, शिरेच्या झडपांमागे रक्त रेंगाळले, आणि अस्थिभंगामुळे शरीराने रक्त गोठविण्याची सिद्धता आधीच वाढविली होती. तिन्ही कारणे एकाच पायात एकवटली.

हेपारिनची इंजेक्शने व पुढे दीर्घकाळ गोळ्या घेऊन दादा बचावला. पुण्याच्या डॉक्टरांनी मला समजावले, की अशी गाठ पुष्कळदा मुकाट्याने वाढते, आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाने रक्तस्रावाचे भय असल्याने ते प्लास्टरच्या प्रत्येक रुग्णास सरसकट देता येत नाही. हे ऐकून माझा राग निवळला. पण पुरता नव्हे, कारण इथे गाठ मुकी नव्हती, वहिनी तिच्या वतीने बोलत होती.

प्लास्टर घालतानाच घरच्यांना बजावावे, की एकच पाय नव्याने सुजला, दुखू लागला, तर चोळू नका, तत्काळ दाखवा. आणि धाप लागली, तर घटकाभरही थांबू नका. याला खर्च कसला? दादा मात्र आजही त्याच दवाखान्यात जातो. भर पावसात, रात्री-अपरात्री दार उघडणारा दुसरा आहे कोण, असे तो म्हणतो, आणि त्यावर मला उत्तर देता येत नाही.