बाबांच्या हेराल्डची चाकं

बाबा लक्ष्मीबाई नगरला आमच्याकडे राहायला आले ते मद्रासला बनलेली त्यांची जुनी स्टँडर्ड हेराल्ड घेऊनच. तिचीच चासी आखूड करून इंग्लंडात 1962 साली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली. त्यामुळे बाबांना हिलाही स्पिटफायरसारखी मिनीलाइट चाकं हवी होती. अस्सल मिनीलाइट मॅग्नेशियमची. जुनी झाली की गंजतात, तडकतात. म्हणून नव्या ॲल्युमिनियमच्या नकला बघायच्या ठरल्या.

करोल बागेतला दुकानदार म्हणाला, “हो जाएगा, अंकलजी!” बाबा खूश. मी पट्टी लावली. समोरासमोरच्या दोन बोल्टांत हेराल्डला 95.25 मिलिमीटर लागतात, त्या चाकाला होते 100. “छेद थोडे वाढवू,” तो म्हणाला. म्हणजे नट तिरका बसणार आणि चालत्या गाडीत बोल्ट तुटणार. बाबा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत.

शेवटी नेमक्या मापाची, 13 इंची चाकं परदेशातून मागवली. कस्टमची पावती मी आईला अजून दाखवलेली नाही. स्टेपनी मात्र जुनी लोखंडीच ठेवली. दिल्लीच्या खड्ड्यात लोखंड वाकतं, ॲल्युमिनियम तडकतं. तिचे नट वेगळे. ते बाबांनी फडक्यात बांधून डिकीत ठेवलेत.